चालकाच्या कानाशी

आबा, मी पुन्हा कॉलेजात जायला लागले हे तुम्हाला सांगायचं राहिलं. या वयात. मुलगी बी.कॉम.ला आणि तिची आई एम.टेक.ला, असं आमच्या घरात झालं आणि सुरतच्या गोडादऱ्यातल्या आमच्या गल्लीनं ते कौतुकानं एकमेकांना सांगितलं. विषय तोच, कृषी अभियांत्रिकी, जो तुम्हाला कधी नीट उमगला नाही. मला बी.टेक.ला प्रवेश मिळाला तेव्हा तुम्ही पाळी संपवून आलात आणि हातपाय न धुताच आईला विचारलंत, "शेतीना बी इंजिनेर ऱ्हास का?" आईला तरी कुठे माहीत होतं! मी सांगितलं, शेतीची यंत्रं, पाणी, गोदामं, असं सगळं असतं. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत होतात, त्यातलं 'यंत्रं' तेवढं तुम्ही उचललंत, आणि दुसऱ्या दिवसापासून उधन्यातल्या अख्ख्या चाळीला सांगत सुटलात की पोरगी ट्रॅक्टर बनवणार आहे. लोक मला जाता-येता विचारायचे, ट्रॅक्टर कुठपर्यंत आला? मी मान खाली घालून पुढे जायची.

ट्रॅक्टर मी बनवला नाही. बी.टेक. झालं, मग एका ठिबकच्या कंपनीत टेबलावर बसून शेतांचे नकाशे काढत राहिले, लग्न झालं, मुलगी झाली. तुमचे जावई हजीऱ्याच्या एका कारखान्यात पाळीवर जातात. कंपनीनं सुरतेतलं ऑफिस बंद केलं तेव्हा मी घरी बसले, आणि काही महिने गेल्यावर जावईच म्हणाले, "तुझं पुढचं राहिलं होतं ना शिकायचं? आता कर." मी सकाळी उधन्याहून गाडी पकडायला लागले. त्या स्टेशनावर तुमच्या वयाची, तुमच्यासारखीच खांदे पाडून चालणारी माणसं रात्रपाळी करून परतत असायची. मी पाठीला सॅक लावून त्यांच्या उलट दिशेनं जायची. कुणी ओळखीचं भेटेल या विचारानं अजूनही जीव आखडतो. का, ते आज लिहून बघते.

उधन्याची ती खोली तुमच्यासाठी झोपायची जागा होती. मी तिच्यात वाढले. भिंतीपलीकडे कारखान्यातले यंत्रमाग चालायचे. भिंत थरथरायची, मांडणीवरच्या वाट्या किणकिणायच्या, आई त्या लांब लांब ठेवायची आणि थोड्या वेळानं त्या सरकत सरकत पुन्हा एकमेकींना येऊन चिकटायच्या. वीज गेली की माग थांबायचे आणि माझी झोप मोडायची. एकदम काहीतरी नाहीसं झाल्यासारखं वाटायचं, मी रडायची. कारखान्यात तुम्ही सगळे हातवारे करून बोलत होतात आणि घरी तुम्ही समोरच्याच्या ओठांकडे बघत होतात. आई तुमच्याशी बोलायची तेव्हा दिव्याकडे तोंड करायची. मला ती तिची सवय वाटायची, काही बायका पदर सारखा करतात तशी. दिवा मालवला की तुमच्याशी कुणी बोलत नसे.

एक दिवस आठवतो. मी महानगरपालिकेच्या मराठी शाळेत सहावीत आहे. पालकांना बोलावलंय, आई कामावर गेलीय, म्हणून तुम्ही आलात, इस्त्रीचा शर्ट घालून. बाई फळा पुसता पुसताच म्हणाल्या, "मुलगी गणितात सगळ्यांच्या पुढे आहे. हिला थांबवू नका." त्यांची पाठ तुमच्याकडे होती. तुम्ही उठून उभे राहिलात, हात जोडलेत आणि म्हणालात, "चुकली असंल बाई. मी घरी बघतो तिच्याकडे. पुन्हा नाही करणार." सगळा वर्ग हसला. बाईंना वाटलं तुम्ही गंमत करताय, त्याही हसल्या. मग तुम्हीही हसलात, सगळे हसतायत म्हणून. मी बाकाच्या फटीत नख घालून बसले होते. रस्त्यात तुम्ही विचारलंत, बाई काय म्हणाल्या? मी तुमच्यासमोर येऊन, तोंड वर करून सांगितलं. तुम्ही तिथंच थांबलात आणि एवढ्या मोठ्यानं हसलात की पलीकडचा रिक्षावाला वळून बघायला लागला. मी म्हटलं, "आबा, हळू." त्या वर्षांत मी तुम्हाला सगळ्यात जास्त वेळा म्हटलेला शब्द हाच असेल.

त्याच उन्हाळ्यातली गोष्ट. मी डबा घेऊन कारखान्यात आले की तुम्ही दारातच मला अडवायचात, कचऱ्यातल्या सुताचे बोळे करून माझ्या दोन्ही कानांत घालायचात आणि मगच आत येऊ द्यायचात. स्वतःच्या कानांत कधी घातले नाहीत. कानात कापूस घालणारा कारीगर शेठला कामचुकार वाटायचा. त्या दिवशी शेठ मागून आले आणि त्यांनी तुम्हाला हाक मारली. तुम्ही मागावर वाकलेले. त्यांनी पुन्हा हाक मारली, मग शिवी दिली. मी मध्ये पडले आणि तुम्हाला कमी ऐकू येतं हे शाळेच्या वाटेवर शिकलेल्या गुजरातीत सांगून टाकलं, "काका, एमने ओछुं संभळाय छे, जरा जोरथी बोलो." शेठ माझ्याकडे बघून, असं होय या सुरात, "एम?" म्हणाले आणि तुमच्या खांद्यावर थाप मारून कामाचं बोलून निघून गेले. बस. त्यांनी तुम्हाला काढलं नाही, तुमच्याकडचे माग कमी केले नाहीत, बहुतेक ते विसरूनही गेले. तुम्ही विसरला नाहीत. संध्याकाळी तुम्ही मला जवळ बसवलंत आणि म्हणालात, "घरनी गोट बाहेर सांगानी नही." तुम्ही हे अगदी हळू बोललात. तुमच्या तोंडून एवढं हळू बोलणं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मारलं असतंत तर मी रडून मोकळी झाले असते.

मी बी.टेक.च्या दुसऱ्या वर्षाला, मामाच्या गावाजवळ होस्टेलवर असताना तुम्ही गेलात. गल्लीत कापडाचे ताके भरलेला टेम्पो मागे येत होता. ड्रायव्हर हॉर्न देत होता, मागे घेताना वाजतं ते गाणंही वाजत होतं, पानाच्या गादीवरची माणसं ओरडत होती. हे मला चाळीतल्या एका काकूंनी सांगितलं, आईनं नाही. आईनं सगळ्यांना सांगितलं की चक्कर आली. मीही तेच सांगितलं. लग्न ठरताना सासरच्यांनी विचारलं, वडील कशानं गेले? चक्कर आली, म्हटलं. माझ्या मुलीलाही हेच माहीत आहे. तुम्हाला ऐकू येत नव्हतं हे वाक्य त्यानंतर घरातल्या घरातसुद्धा कुणी उच्चारलं नाही.

आता कॉलेजचं. मी पहिल्या बाकावर बसायची. मुलं म्हणायची, मॅडम किती सिन्सिअर आहेत! सर फळ्याकडे वळून बोलायला लागले की मला आवाज यायचा पण शब्द लागायचे नाहीत, जसं भिंतीपलीकडे कुणीतरी बोलतंय. मी मनाची समजूत घातली की इंग्रजीची सवय गेलीय, वय झालंय, गणित गंजलंय. मान डोलवत राहायची आणि घरी येऊन पुस्तकातून सगळं पुन्हा वाचायची. पहिल्या सेमिनारला एका मुलीनं मला मातीच्या ओलाव्याबद्दल विचारलं आणि मी ट्रॅक्टरच्या डिझेलबद्दल बरंच काही सांगितलं. कुणी हसलं नाही, फक्त एकमेकांकडे बघितलं. ते जास्त लागलं. त्या सत्रात एका विषयात मी नापास झाले. घरी सांगितलं की निकाल अडकलाय.

माझे गाइड माझ्याहून लहान. सरळ माणूस, उगाच मोठेपणा करत नाहीत. त्यांनी मला विषय सुचवला. आपल्याकडच्या ट्रॅक्टरना केबिन नसते. मागे माती फोडणारा रोटाव्हेटर फिरत असताना चालकाच्या कानाशी नेमका किती आवाज होतो, आणि वर्षानुवर्षं हे काम केलेल्यांच्या कानांचं काय झालंय, ते मोजायचं. मी पेनाला टोपण लावलं.

"बोअरिंग वाटतोय का विषय?" त्यांनी विचारलं.

"नाही सर."

"मग?"

"काही नाही. घेते मी."

एवढंच. तुमचं नाव ओठांवर आलं आणि मी ते गिळलं.

मग सरांनी कान तपासायचं मशीन आणलं, कुणा डॉक्टर मित्राकडून. लायब्ररीच्या मागच्या बंद खोलीत आम्ही ते लावलं. कानांवर हेडफोन चढवायचे, मशीनमधून आवाज सोडायचे, अगदी बारीक ते मोठे. आवाज आला की हातातलं बटण दाबायचं. चालकांकडे जाण्याआधी आपण शिकून घेऊ म्हणून सरांनी मलाच पहिलं बसवलं, त्यांच्याकडे पाठ करून. समोर काचेचं कपाट होतं. काचेत सरांचा हात दिसत होता. आवाज सोडताना त्यांचं बोट किंचित खाली जायचं. पहिले काही आवाज मला खरंच आले. मग बोट खाली गेलं आणि कानात काहीच आलं नाही, आणि माझ्या अंगठ्यानं बटण दाबलं. मी ठरवून केलं नाही, आबा. पण पुढच्या वेळी ठरवूनच केलं. त्याच्या पुढच्याही. सगळं झाल्यावर सर म्हणाले, "वा, तुमचे कान तर माझ्यापेक्षा चांगले आहेत." मी हसले. त्या दिवशी गाडीत खिडकीशी बसले आणि मला कळलं की हे हसणं माझं नाही. सगळे हसतायत म्हणून त्या वर्गात तुम्ही हसला होतात, तेच होतं ते.

मी ओलपाडकडे एका मोठ्या वाडीवर जायला लागले. चालकाच्या कानाशेजारी आवाज मोजायचं यंत्र बांधायचं आणि ट्रॅक्टरबरोबर शेताच्या कडेकडेनं चालायचं. चालकांपैकी एक नंदुरबारकडचा होता, पन्नाशी ओलांडलेला, डोक्याला गमछा. माझं बोलणं ऐकून म्हणाला, "ताई, तुम्ही खान्देशना का?" मी म्हटलं, वडील तिकडचे. त्यानंतर तो माझ्यासाठी बाजेवर पोतं अंथरायचा, चहा आला की पहिला मला द्यायचा. इंजिन बंद केल्यावरही तो ओरडूनच बोलायचा. वाडीचे मालक थट्टेनं म्हणायचे, "आने माइकनी जरूर नथी." तो मालकांच्या तोंडाकडे बघत हसायचा.

वाडीवरच्या औजारांच्या खोलीत आम्ही चालकांचे कान तपासत होतो. जागा कमी, त्यामुळे मी आणि समोरचा माणूस गुडघ्याला गुडघा लावून बसायचो. त्या गमछावाल्याची पाळी आली.

"आवाज उना का बटन दाबानं, बस?"

"हो, बस."

तो प्रत्येक वेळी बरोबर दाबत होता. पण जरासा उशिरा. मी वर बघितलं तर त्याची नजर माझ्या उजव्या हातावर. डोळे एवढे रोखलेले की पापणीही लवत नव्हती. ती नजर मी लहानपणापासून ओळखते, आणि आता आतूनही ओळखते. मी ओढणी हातावर ओढून घेतली आणि तिच्याखालून आवाज सोडायला लागले. त्याचा अंगठा बटणावर तसाच राहिला. मी आवाज वाढवत गेले, एवढा की त्याच्या हेडफोनमधून तो मलासुद्धा बाहेर ऐकू आला. अंगठा हलला नाही. तो ओढणीकडे बघत होता. बऱ्याच वेळानं म्हणाला, "मशीन बंद पडनं का?" मी मानेनं नाही म्हटलं. त्यानं हेडफोन काढून मांडीवर ठेवले, दाराकडे बघितलं.

"मालकले सांगू नका, ताई."

"मी कुणाचं नाव लिहीत नाही. मालकांना काही कळणार नाही."

"तुमले समजाव नही," तो म्हणाला, पहिल्यांदाच हळू आवाजात. "तुमना कान चांगला शेतस."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. दादा, माझेही गेलेत, मीही अशीच बसले होते, माझा बापही. माझ्या तोंडून निघालं, "पाणी देऊ का?" आणि त्याला ते ऐकू आलं नाही. मी बाहेर आले, वहीत त्याच्या उत्तरांच्या रकान्यात एक रेघ ओढली आणि मालकांना एवढंच सांगितलं की सगळ्याच ट्रॅक्टरना दोन्ही बाजूंनी आरसे बसवा आणि सगळ्याच चालकांना कानांवर लावायला काहीतरी द्या. "आरसा? खेतरमां?" मालक हसले. पण त्यांनी बसवले. तो टेम्पो माझ्या डोळ्यांसमोरून जात नव्हता, म्हणून मी आग्रह सोडला नाही. कारण मात्र सांगितलं नाही.

मग व्हायवा. बाहेरून आलेले परीक्षक वयस्क होते, मऊ आवाजाचे, आणि त्यांच्या मिशा ओठांवर आलेल्या. पंखा गरगरत होता. मागे मुलं बसली होती. त्यांनी माझा प्रबंध चाळत, मान खाली घालूनच काहीतरी विचारलं. मला त्यातलं 'सीट' असं काहीतरी लागलं. मी चालकाच्या आसनाबद्दल बोलायला लागले, उंची, गादी, हादरे. चांगलं बोलत होते. मागून कुणीतरी फिसकन हसलं. गाइड सर म्हणाले, "मॅडम, प्रश्न वेगळा आहे." परीक्षकांनी तो पुन्हा विचारला, तसाच, कागदात बघत. मी त्यांच्या मिशांकडे बघत राहिले. वाटलं, हात जोडावेत आणि म्हणावं, चुकलं सर, पुन्हा नाही करणार.

"सर," मी म्हटलं, "मला ऐकू येत नाही. माझ्याकडे बघून जरा जोरात बोलाल का?"

माझा आवाज बहुतेक मोठा लागला होता. परीक्षकांनी चष्मा काढला, खुर्ची पुढे ओढली आणि एकेक शब्द सुटा करून विचारलं, की चाचणीत चालकांनी 'चीट' केलं नसेल हे कशावरून?

"करतात सर. हाताकडे बघतात. म्हणून मी हात झाकला."

"तुम्हाला कसं कळलं?"

"मी स्वतः तेच केलं होतं, सरांनी मला तपासलं तेव्हा. माझे वडील उधन्यात मागावर होते. त्यांनी जन्मभर तेच केलं."

गाइड सर माझ्याकडे बघत होते. परीक्षकांनी दया वगैरे काही दाखवली नाही. थोडा विचार करून म्हणाले, मग हात झाकायच्या आधी ज्यांना तपासलंत ते सगळे पुन्हा तपासा, त्यानंतरच हे मंजूर. पुढचा प्रश्न मात्र त्यांनी डोकं वर करून, जोरात विचारला. बाहेर आल्यावर गाइड सर म्हणाले, "हे मला आधी सांगायचं होतंत." रागावले होते, आणि ते बरोबरच होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला त्यांच्या डॉक्टर मित्राकडे पाठवलं. तिथं काचेचं कपाट नव्हतं. दोन्ही कान, आबा. तुमच्यामुळं, त्या भिंतीमुळं की आपोआप, ते डॉक्टर सांगू शकले नाहीत.

लोकांना वाटतं असं बोलून टाकलं की मोकळं वाटतं. मला नाही वाटलं. व्हायवाहून परतताना गाडीत बसल्यावर तुम्हाला भर वर्गात उघडं करून आल्यासारखं वाटत होतं. घरनी गोट. तुम्ही जी शेवटपर्यंत सांभाळलीत, टेम्पोखाली जाईपर्यंत सांभाळलीत, ती मी एका परक्या माणसाच्या प्रश्नाला उत्तर म्हणून देऊन टाकली. आणि त्याच्या मागोमाग दुसरी लाज यायची, की ही पहिली लाज वाटते याचीच. दोन्ही आलटूनपालटून येत राहिल्या. अजून येतात.

मी त्या वाडीवर पुन्हा गेले, आधीच्या चालकांना परत तपासायला. आता माझ्या कानांत ऐकायची मशीनं होती, केस सोडून त्यावर ओढलेले. तो गमछावाला शेतात होता. आरशात त्याला मी दिसले असेन, त्यानं मागे न वळताच हात वर केला. मीही केला. ट्रॅक्टर चालू होता, त्याला काय ऐकू जाणार, असं मनाशी म्हणून मी परत फिरले. इंजिन बंद होईपर्यंत थांबता आलं असतं.

पदवी मिळाली. मुलीनं पेढे आणले, जावयांनी सुट्टी घेतली. मुलीला सांगायचं आहे की आजोबांना चक्कर आली नव्हती. रोज ठरवते. म्हणून आधी तुम्हाला लिहून बघितलं. हे कुठे टाकायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही. मुलीला तोंडानंच सांगावं लागेल.

एक मात्र तुम्हाला सांगून ठेवते. परवा शेजारच्या भाभी जिन्यात भेटल्या. वाऱ्यानं माझे केस उडाले होते. त्यांनी कानाकडे बघितलं आणि त्या इवल्याशा मशीनचं नवल करत म्हणाल्या, "अरे वाह, ब्लूटूथ? बहु नानुं छे!" देणारी म्हणून मी मुलीला पुढे केलं, "हा भाभी, छोकरीए आप्युं."